पलटणीचा बाजा, लोह्याचा बँड

लातूरच्या एका शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. सूत्रसंचालन करणारे सर एकेकाची ओळख करून देत होते. हे तोफखान्यात होते, हे रणगाड्यावर होते. माझी पाळी आली तेव्हा ते जरा अडखळले आणि म्हणाले, "हे रामराव सोनकांबळे. हे... बँडमध्ये होते."

मागच्या रांगेतून कुणीतरी बोललंच, "म्हंजे लढाईत वरात काढून राहिले होते काय?"

सगळे हसले. मीही हसलो. शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली येऊन बसलो. नोकरीत असल्यापासून हा प्रश्न मी ऐकत आलोय. गावात, एस.टी.त, सोयरिकीच्या बैठकीत. बँडवाला लढाईत काय करतो? एकदा नीट सांगून टाकावं म्हणतो.

आधी एक साधी गोष्ट. पलटणीचा बँड शांततेच्या दिवसांत परेडला वाजतो, पाहुण्यांच्या स्वागताला वाजतो, मेसमध्ये साहेबलोकांच्या जेवणाला वाजतो. लढाई सुरू झाली की बाजे पेटीत बंद होतात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात. गोळी लागलेल्या माणसाला वरच्या चौकीवरून खालच्या डॉक्टरपर्यंत आणायचं, हे आमचं काम. त्यासाठी पट्ट्या बांधायला, रक्त थांबवायला, मोडलेल्या हाडाला आधार द्यायला आम्हाला शिकवलेलं असतं. वाजवण्याच्या सरावाइतकाच त्याचाही सराव असतो.

मी काही बँडसाठी भरती झालो नव्हतो. नांदेडकडच्या लोह्याजवळच्या आमच्या गावातून मी गेलो तो शिपाई व्हायला. प्रशिक्षण केंद्रात एक दिवस सुभेदार नलवडे साहेब आले. ते आमच्या बँडचे प्रमुख, साताऱ्याकडचे. अंगानं किरकोळ, पण आवाज मैदानाच्या त्या टोकाला जाणारा. ते रांगेतून फिरत माझ्यापुढं थांबले.

"ओठ दाखव. आता दात."

बैल बघताना माणसं बघतात तसं त्यांनी बघितलं. मग छातीवर चापट मारून म्हणाले, "हा युफोनियमला चालेल."

युफोनियम म्हणजे पितळेचा मोठा बाजा, लेकरू घ्यावं तसा छातीशी धरून वाजवायचा. त्याचा आवाज जाड आणि मऊ असतो. मुख्य चाल वाजवायला क्लॅरिनेट आणि कॉर्नेट असतात. युफोनियम बहुतेक वेळा मधली ओळ वाजवतो. ती एकटी ऐकली तर कुणाला गाणं ओळखू येत नाही, पण ती काढून घेतली तर गाणं पोकळ वाटतं. नलवडे साहेब स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. इतकं सुरेल क्लॅरिनेट मी नंतर कुठंही ऐकलं नाही. रेडिओवरसुद्धा.

पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांनी विचारलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते रस्त्याच्या कामावर मजूर होते.

"बंदूक चालवतोस न्हवं?"

"चालवतो, आबा. अन् बँडमध्ये बाजाबी वाजवतो."

आबा ताटावरून उठले. जेवण अर्धंच टाकून मागच्या अंगणात जाऊन बसले. माय म्हणाली, "कशाला सांगितलास रे?"

दुसऱ्या दिवशी ते आपणहून बोलले. "तुझा आज्जा हलगी वाजवायचा. मीबी वाजवली, पोर असताना. कुणाच्या घरी लगीन, कुणाचं मढं, कुणाचा बैल मेला, की निरोप यायचा. ताप असू दे, घरात बाळंतीण असू दे, न्हाई म्हणायची सोय न्हाई. वाजवायचं अन् उरलेल्या भाकरीसाठी दाराबाहेर उभं ऱ्हायाचं. दीक्षा घेतली अन् आज्जानं हलगी आडात टाकली. पुन्हा वाजवायचं न्हाई म्हणला. अन् तू सरकारी पगार घेऊन तेच करून ऱ्हायलास."

तिथं वर्दी असते, मान असतो, वगैरे काहीतरी बोललो. आबांनी ऐकून घेतलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी माझ्या बाजाचा विषय काढला नाही.

पुढं कारगिलची लढाई आली आणि आमची पलटण वर गेली.

स्ट्रेचर उचलायला नलवडे साहेबांनी आम्हाला जे शिकवलं होतं ते बँडवाल्याला सगळ्यांत जड जाणारं होतं. आमचा जन्म कदम मिळवण्यात गेला. ढोलाच्या ठोक्याला सगळ्यांचा डावा पाय एकदम पडला पाहिजे, नाहीतर शिवी. स्ट्रेचरला मात्र बरोबर उलटं. चौघांचे पाय एकदम पडले तर स्ट्रेचर झोपाळ्यासारखं हलतं आणि मोडलेलं हाड आतल्या आत टोचतं. म्हणून पुढच्यांनी डावा टाकला की मागच्यांनी उजवा टाकायचा. कदम तोडायचा. शांततेच्या काळात साहेब वाळूची पोती स्ट्रेचरवर ठेवून आम्हाला टेकडीवरून पळवायचे. पाय चुकून जुळले की ओरडायचे, "परेड नाही ही! जखमी माणूस आहे वर!"

त्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. वरच्या चौकीवर तोफगोळा पडला होता आणि नाईक जाधव म्हणून एकाची मांडी मोडली होती. आम्ही चौघं त्याला घेऊन उतरत होतो. माणूस कमी होता म्हणून पुढच्या दांड्याला स्वतः नलवडे साहेब. सुभेदारानं स्ट्रेचर उचलायचं नसतं, शिवाय त्यांचं वयही ते राहिलं नव्हतं. तिथं हवा इतकी विरळ की दोन वाक्यं बोललं तरी धाप लागते.

जाधवला झोप लागू द्यायची नव्हती. तोच म्हणाला, "तुम्ही बँडवाले ना? मग म्हणा की काहीतरी."

मी मागच्या दांड्याला होतो. मला जी ओळ पाठ होती ती गुणगुणायला लागलो. थोडं ऐकून जाधव म्हणाला, "हे कसलं गाणं? काय ओळखू येईना."

"मधली ओळ आहे ती," मी म्हणालो. "वरची साहेबांकडं असते."

मग पुढून साहेबांनी वरची ओळ धरली. धाप लागत होती, सूर तुटत होता, पण चाल बरोबर होती. जाधव हसला. "आता कळलं," म्हणाला.

थोडं खाली आल्यावर गोळे पुन्हा पडायला लागले. आम्ही स्ट्रेचर एका खडकाच्या आडोशाला टेकवलं आणि जाधवच्या अंगावर ओणवे झालो. एक गोळा जवळच फुटला. दगडांचा पाऊस पडावा तसा आवाज झाला. थांबल्यावर साहेबांनी विचारलं, "सगळे आहात?" आम्ही "आहोत" म्हणालो. "उचला," म्हणाले. पुन्हा निघालो. साहेबांनी मघाची ओळ पुन्हा सुरू केली, म्हणून मीही माझी धरली.

खाली डॉक्टरांच्या तंबूपाशी स्ट्रेचर ठेवलं. जाधवला आत नेलं. साहेब मात्र दांडा सोडेनात. डॉक्टर जवळ आले तेव्हा दिसलं, दांडा रक्तानं माखला होता. उजव्या हाताला गुंडाळलेला रुमाल काळा पडला होता. गोळ्याच्या तुकड्यानं दोन बोटं नेली होती आणि उरलेल्या बोटांनी ते जाधवला घेऊन खाली आले होते. त्यांच्या शेजारच्या दांड्याला असलेल्या जवानालाही कळलं नव्हतं.

"साहेब, सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तुमचे पाय जुळले असते घाबरून."

जाधव वाचला. थोडा लंगडतो, पण शेती करतो. साहेब दवाखान्यातून परतले तेव्हा बँडमध्ये कुणी त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतं. क्लॅरिनेटला दोन्ही हातांची बोटं लागतात. त्यांचं वाजवणं संपलं, असंच सगळ्यांनी धरलं. आठवड्यानं सरावाच्या खोलीत गेलो तर साहेब हॉर्न घेऊन बसलेले. गोल गुंडाळलेला बाजा असतो तो. त्याच्या कळा डाव्या हातानं दाबायच्या असतात आणि उजवा हात नुसता बाजाच्या रुंद तोंडात घालून ठेवायचा असतो. नव्यानं शिकणाऱ्या रंगरुटासारखे ते बेसूर फुंकत होते. मला बघून म्हणाले, "हा डाव्या हाताचा बाजा आहे. इतकी वर्षं कपाटात पडून होता, कुणाला आवडत नव्हता. आता मला आवडतो."

निवृत्तीपर्यंत ते हॉर्नच वाजवत राहिले. क्लॅरिनेटची सर त्याला नव्हती. पण वाजवणं सोडलं नाही. माझ्या आयुष्यात मी जी मोठी माणसं पाहिली त्यांत हा माणूस पहिला.

मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा हात रिकामे वाटायला लागले. आजूबाजूच्या वस्त्यांत वाजवायची हौस असलेली माणसं होती. गवंडी होते, हमाल होते, एक न्हावी होता. त्यांना घेऊन बँड काढावा असं मनात आलं. आबांना विचारायची छाती होत नव्हती. लढाईतलं मी घरी कधीच बोललो नव्हतो.

त्याच सुमारास नलवडे साहेब नांदेडला पुतण्याकडे आले होते. एक दिवस न कळवता आमच्या दारात उभे. आबांनी खाट टाकली, चहा झाला. आबांची नजर राहून राहून त्यांच्या हाताकडे जात होती.

शेवटी आबांनी विचारलंच. "बँडवाल्याची बोटं कशी गेली म्हणावं, साहेब?"

साहेबांनी सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. धुकं, जाधव, गोळे. "तुमचा मुलगा मागच्या दांड्याला होता. गोळा फुटला तेव्हा जखमी माणसाच्या डोक्यावर हाच आडवा झाला होता," म्हणाले.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी चुलीकडे बघत बसलो. साहेब गेल्यावर आबा म्हणाले, "मला वाटलं, तिथंबी तू लोकांच्या लग्नातच वाजवून ऱ्हायलास." सांजच्याला अंगणात पाणी शिंपडता शिंपडता म्हणाले, "काढ तुझा बँड. पर एक ध्यानात ठेव. आमाला न्हाई म्हणता येत नव्हतं. तुला आलं पायजे."

बँड काढला. सगळ्यांना निळी वर्दी आणि काळे बूट. बूट चकाचक नसतील तर टेम्पोत चढू देत नसे. लोकांना गंमत वाटायची. "मास्तर, वऱ्हाडी चप्पल घालून आन् बँडवाले बुटात!" गावोगाव आमचं नाव झालं. आबा मात्र ऐकायला कधी आले नाहीत. "काढ" म्हणाले होते तेवढंच. सुपारी आली की मी घरी सांगायचो आणि ते "हं" म्हणायचे.

मग नायगाव तालुक्यातल्या एका गावातलं ते लग्न. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. घोडीवर तो, पुढं आमचा बँड, मागं वऱ्हाड. पाराच्या अलीकडे नवऱ्याच्या चुलत्यानं हात आडवा केला.

"मास्तर, पारापुढून बँड अनवाणी जाईल. बूट काढा सगळ्यांनी."

मी बघितलं. वऱ्हाडातल्या शंभर पायांत चपला-बूट होते. मी म्हणालो, "सगळे काढत असतील तर आम्हीबी काढतो."

"सगळ्यांचं येगळं, तुमचं येगळं. अन् जेवायचंबी सांगून ठेवतो, तुमचं पान गोठ्याकडं हाय."

माझ्या मागं गवंडी, हमाल, न्हावी बाजे धरून उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आम्हाला हे काम जमणार न्हाई," मी म्हणालो. "आम्ही जातो."

"जावा की. कुणी धरलंय!"

आता अडचण अशी की आमचा टेम्पो पाराच्या पलीकडे उभा होता. जायला रस्ता तोच. मी बँडला रांगेत उभं केलं. पलटणीत वाजवायचो ते कूचगीत सुरू करायला सांगितलं आणि आम्ही बूट आपटत, कदम मिळवत, पारापुढून निघालो. कुणी अडवलं नाही. वाजणाऱ्या बँडला हात लावायला लोक जरा कचरतात.

थोडं पुढं गेल्यावर मागून गलका ऐकू आला. वळून बघितलं तर घोडी आमच्या मागं येत होती. लग्नाच्या घोडीला एकच सवय असते, बँड चालला की मागं चालायचं. पाठीवर बाशिंग बांधलेला नवरदेव लगाम ओढतोय, घोडीवाला "ए, ए" करतोय, चुलता ओरडतोय, आणि ती शांतपणे आमच्या चालीवर मान हलवत येतेय. टेम्पोपाशी आम्ही वाजवणं थांबवलं तेव्हाच ती थांबली.

नवरदेव खाली उतरला. शिकलेला मुलगा, गावातल्याच शाळेत शिक्षक होता. त्याला घाम फुटला होता.

"मास्तर, परत चला म्हणायला तोंड न्हाई मला," तो म्हणाला. "काकापुढं माझं काई चालत न्हाई. पर चुकलं आमचं."

"तुमचं लग्न सुखाचं होऊ द्या," मी म्हणालो.

टेम्पो निघाला तेव्हा मुलीचे वडील वेशीपाशी हात जोडून उभे होते. त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांच्या लेकीचं लग्न वाजंत्रीविना लागलं, ही गोष्ट मला अजून लागते. केलं ते बरोबरच केलं. तरी लागते.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "घोडीच आली म्हणतोस?" दोनदा विचारलं. मग गंभीर झाले. म्हणाले, "आता त्या अंगाला कुणी बोलावणार न्हाई तुला." तसंच झालं. एक सबंध लग्नसराई त्या भागातून एकही निरोप आला नाही. माझे दोन वाजवणारे काम शोधत पुण्याला गेले. बाकीच्यांनी मात्र सराव सोडला नाही. दिवसभर विटा वाहून संध्याकाळी फुटक्या ओठांनी बाजा धरणाऱ्या त्या माणसांना मी काय देत होतो, कुणास ठाऊक.

पुढं एक दिवस उदगीरहून फोन आला. कापडाचे व्यापारी होते.

"घोडीवालं बँड ते तुमचंच का री मास्तर?"

मी हो म्हणालो.

"आमचे आप्पा सकाळी गेले. दुकानासमोरून बँड गेला की गिऱ्हाईक सोडून ऐकत बसायचे. माझ्या वक्ताला बरे वाजवणारे बोलवा म्हणून सांगून ठेवलंय. येता का?"

आम्ही गेलो. आप्पांना लिंगायत रीतीप्रमाणे फुलांनी सजवलेल्या आसनावर बसवलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर नवं धोतर. दुकानात बसावं तसेच बसले होते. पुढं भजनी मंडळी होती. मुलगा म्हणाला, "रडकं काई वाजवू नका. आप्पांना आवडायचं न्हाई." लग्नाचं वाजवणं बरं दिसलं नसतं. मग नलवडे साहेबांनी शिकवलेलं आठवलं. पलटणीत संथ कूच असतं, पाय हळू पडतो पण सूर खालमानेचा नसतो. ते धरलं. भजनवाले थांबले की आम्ही, आम्ही थांबलो की ते. बाजारपेठेतले दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले. समाधीच्या जागेपर्यंत आम्ही तसे गेलो. मी बरीच वर्षं वाजवलं, पण बँड इतका एकजीव वाजलेला मला फार थोड्या वेळा आठवतो.

परत आल्यावर व्यापाऱ्यानं आम्हाला जाऊ दिलं नाही. पाहुण्यांची पंगत बसली होती, तिच्यातच आम्हाला बसवलं आणि स्वतः वाढलं. एका पंगतीनं जग बदलत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या शेजारी बसलेला आमचा हमाल, पहिला घास हातात घेऊन थोडा वेळ तसाच बसून राहिला, ते मी पाहिलं.

घरी आबांनी विचारलं, "कुणी वाढलं?"

"मालकानं स्वतः."

"अन् बूट?"

"मिरवणुकीत पायात होते."

"पंगतीत?"

"पंगतीत काढले. सगळ्यांनीच काढले."

आबांनी मान हलवली आणि खाटेवर अंग टाकलं.

पुढच्या आठवड्यात रेणापूरला लग्न होतं. आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा आबा धुतलेलं धोतर नेसून टेम्पोपाशी आले. "मीबी येतो," म्हणाले. तिथं पोचल्यावर मुलीच्या मामांनी त्यांना मास्तरांचे वडील म्हणून मांडवात पुढच्या खुर्चीवर बसवलं. वाजवताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. बघितलं असतं तर माझा श्वास चुकला असता. एकदाच नजर गेली. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, फोटोला बसावं तसे.

परतताना घराजवळ आल्यावर आबा म्हणाले, "तो मोठा ढोल वाजवणारा, त्याला खोकला लई हाय. दवाखान्यात ने त्याला."

"नेतो," मी म्हणालो.

वाजवणं कसं झालं, ते विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

चार दिवसांनी लोह्यातच काम होतं. वर्दी घालून बाहेर आलो, पोरं बाजे चढवत होती. आबा ड्रायव्हरशेजारी आधीच जाऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "किती उशीर रे? मांडवात लोक वाट बघून ऱ्हायले असतील."